डोळा वर

"पाटी लाव बाई हौसेनं, रेश्मा. पर त्यो 'उद्योग' तेवढा खोडून टाक."

सिंधूआत्या हे म्हणाल्या तेव्हा रेश्मा शिडीवर होती, तोंडात दोन खिळे होते आणि खाली तिचा नवरा युवराज शिडी धरून उभा होता. गुढीपाडव्याची सकाळ होती. शेडनेटच्या दारावर फ्लेक्स ताणून बसवायचा होता: 'छकुली हायटेक ऊस रोप उद्योग, निरवांगी'. कोपऱ्यात लेकीचा, छकुलीचा, टोपी घातलेला फोटो. आत्यांना वाचता येत नव्हतं. फ्लेक्स जमिनीवर पसरलेला असतानाच त्यांनी युवराजकडून एकेक शब्द वाचून घेतला होता आणि 'उद्योग'वर आल्यावर बोट तिथंच ठेवलं होतं.

"का हो आत्या? चांगलं दिसतंय की," रेश्मा खिळा काढून म्हणाली.

"दिसतंय म्हणूनच म्हंते. शेती सरकारला दिसत न्हाय. उद्योग लांबनं दिसतो."

रेश्मा हसली. ती बारामतीच्या कॉलेजातनं बीकॉम झालेली. बँकेतल्या साहेबांनी तिला 'महिला उद्योजक' म्हणून खुर्ची दिली होती, ती खुर्ची अजून तिच्या डोक्यात होती. तिनं खिळा ठोकला.

सिंधूआत्या म्हणजे गल्लीतल्या रामहरीची बहीण. दिलेली कोऱ्हाळे बुद्रुकला, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. रोपांचा हंगाम आला की त्या भावाकडं येऊन राहायच्या आणि रेश्माच्या शेडमध्ये उसाचे डोळे काढायला बसायच्या. मशीन साधंच. दांडा खाली ओढला की कांडीवरचा डोळा, जिथनं कोंब फुटतो तो, वाटीसारखा कापून निघायचा. तो औषधाच्या पाण्यात बुडवायचा, ट्रेच्या कपात भुसा भरून त्यात बसवायचा. डोळा वर. एवढंच लक्षात ठेवायचं. पहिल्या हंगामात रेश्मानं पुस्तक बघून निम्मे ट्रे उलटे भरले होते. आत्यांनी संध्याकाळपर्यंत बसून सगळे डोळे वर केले आणि कुणाला सांगितलं नाही.

हे शेड होतं म्हणून युवराज घरी होता. आधी पाच वर्षं तो बारामतीत कंपनीत होता, जळोचीत खोली घेऊन तिघांत राहायचा आणि रविवारी यायचा. छकुली दीड वर्षाची असताना एका रविवारी त्याला दारात बघून ती रडत रेश्माच्या पदरात घुसली. "कोन आलं?" म्हणाली. त्या दिवशी युवराज जेवला नाही. त्यानंतर दोघांनी अर्ध्या एकरावर शेड उभं केलं. म्हणून शेडला नाव लेकीचं.

दसऱ्याच्या आधी तलाठी आले. माणूस वाईट नव्हता, चप्पल बाहेर काढून आत आला.

"वहिनी, मी काय करणार? आता सगळं वरनं, उपग्रहाच्या फोटोत बघतात. नुसतं शेडनेट असतं तर भाजीपाला म्हणून सुटलं असतं. पण तुमच्या दारावर तुमीच उद्योग लिहिलाय."

"अहो पण रोपंच हायत ना ही. उसाची."

"लावताय कुठं? विकताय. जमिनीत लावलं की शेती, विकलं की धंदा. धंद्याच्या जमिनीला बिनशेती सारा, म्हणजे जादा कर." त्यांनी नोटीस पुढं केली. "सही करा. मार्चअखेर दंडासकट भरायचा, न्हायतर शेड उतरवायचं. असं मी न्हाय म्हणत, कायदा म्हणतोय."

नोटिशीतला आकडा बघून रेश्माच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेड विकलं असतं तरी तो भरला नसता. सही करताना तिचा हात भुशानं माखलेला होता, कागदावर तपकिरी ठसा उमटला. मागं मशीनचा दांडा एका लयीत खालीवर होत होता. 'मी म्हणलं हुतं' हे सिंधूआत्या त्या दिवशी म्हणाल्या नाहीत आणि पुढंही कधी म्हणाल्या नाहीत. रेश्मानं त्यांचे आभार मानायला सुरुवात केली ती मनातल्या मनात, तिथपासून.

त्या आठवड्यात युवराजनं कंपनीतल्या जुन्या सुपरवायझरला फोन लावला. हौदापाशी उभा राहून, हळू आवाजात. रेश्माला ऐकू आलं ते एवढंच, "खोली जळोचीतच बघतो."

मग ते ड्रमचं झालं. रेश्मा नोटीस कितव्यांदा तरी वाचत बसली होती, लेकीवर एक कान ठेवून. छकुलीच्या पायात तिनं मुद्दाम वाजणारे पैंजण घातले होते. एकदम मशीनचा दांडा थांबला.

"पैंजण वाजंना गं," आत्या म्हणाल्या आणि उठून चालायला लागल्या.

औषधाच्या पाण्याचा ड्रम शेडच्या टोकाला होता. छकुली उलट्या ट्रेवर चढून आत वाकली होती, बाही खांद्यापर्यंत भिजलेली. आत्यांनी तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं तेव्हा रेश्मा अजून अर्ध्या वाटेत होती. तिनं लेकीचा हात साबणानं चार वेळा धुतला, तोंड हुंगून बघितलं, रडली, मग लेकीवरच ओरडली.

"ओरडू नगंस. तिला काय कळतंय?" आत्या म्हणाल्या. "झाकण ठोकून घे ड्रमला."

रेश्मानं संध्याकाळपर्यंत झाकण ठोकलं. पण तिनं आणखी एक बघितलं होतं. ड्रमकडं जाताना आत्या वाटेतल्या बादलीला धडकल्या होत्या. बादली लाल, वाटेच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी तिनं आत्यांचे ट्रे गुपचूप तपासले. बेचाळीस कपांच्या ट्रेत सात डोळे उलटे निघाले. आत्या बोटांनी चाचपून डोळे बसवत होत्या. रेश्मानं ते सात वर केले आणि कुणाला सांगितलं नाही.

निवडणूक लागली. उन्हातनं रिक्षा फिरायला लागल्या, भिंती रंगल्या. एका दुपारी उमेदवार गोकुळरावांचा ताफा निरवांगीत आला. गावात मोठी सावली म्हणजे रेश्माचं शेड, म्हणून सभा तिथंच ठरली. कुणी विचारलं नाही. पोरांनी ट्रे बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. सांजेला गाडी भरायची होती, त्यामुळं बायकांनी मागच्या कडेला काम चालूच ठेवलं.

गोकुळराव पाण्याच्या पाळीवर बोलले, विजेवर बोलले, मग म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असलं तर मोकळेपणानं विचारा."

रेश्मा रात्रभर वाक्य पाठ करून आली होती. ती उठली. सगळ्या टोप्या वळल्या.

"साहेब, बिनशेती साऱ्याबद्दल..."

"निवेदन द्या ताई, निवेदन," ताफ्यातला एकजण मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाला. दोघं हसले. रेश्माचं पाठ केलेलं वाक्य गेलं ते गेलंच. ती खाली बसली.

"निवेदन कशाला?" मागनं आवाज आला. कमरेवर ट्रे धरून सिंधूआत्या उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत भुशात. "मला लिवाया येत न्हाय, म्या तोंडानं इचारते. आमी दिसभर डोळं लावतो. डोळा मिटल्याला हाय तवर म्हनं शेती. अन् त्यो उघडला, हिरवा झाला, की धंदा व्हय? मग लेकरू पोटात हाय तवर आईचं, अन् जलमलं की सरकारचं का?"

आधी बायका हसल्या, मग टोप्या हसल्या. गोकुळराव मात्र हसले नाहीत. सभा मेलेली होती, ती जिवंत झालेली त्यांना कळली. त्यांनी माइक तोंडाशी आणला.

"डोळा मिटलेला तोवर शेती, उघडला की धंदा व्हय? ही माझी माऊली विचारतेय! मी शब्द देतो. विधानसभेत उभा राहून हा सारा रद्द करायला लावीन."

टाळ्या पडल्या. फोटोवाला पुढं आला. त्यानं आत्यांकडं बघितलं, त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं, भुशाच्या हातांकडं. मग शेजारी हिरवं लुगडं नेसलेल्या, रुपयाएवढं कुंकू लावलेल्या रेश्माच्या सासूबाई कुशाबाई दिसल्या.

"मावशी, तुमी जरा बाजूला व्हा. आजी, तुमी या हितं, साहेबांशेजारी."

आत्या बाजूला झाल्या. ट्रे घेऊन परत मशीनपाशी बसल्या. कुशाबाई गोंधळून उभ्या राहिल्या. फोटो निघाला. रेश्मानं सगळं बघितलं. तिला म्हणता आलं असतं, अहो, बोलल्या त्या ह्या. नोटीस तिच्या हातात होती आणि ती गप्प राहिली. ह्या माणसाला दुखवायला नको, असं तिला वाटलं.

तीन दिवसांनी पत्रक आलं. वर गोकुळराव, शेजारी कुशाबाई, खाली मोठ्या अक्षरात: 'डोळा मिटलेला तोवर शेती, उघडला की धंदा व्हय? निरवांगीच्या माऊलीचा सवाल. हा सारा रद्द करणारच!'

"ह्ये बग," कुशाबाई म्हणाल्या. "तोंड माझं अन् बोल दुसरीचा. मला लाज वाटतीया गं."

सिंधूआत्यांनी पत्रक डोळ्याशी नेलं, लांब धरलं. "फोटू कुनाचा?"

"आईंचा," रेश्मा म्हणाली.

"बरं झालं. माझं तोंड बगून कोन मत दिल?" त्या हसल्या आणि दांडा खाली ओढला. रेश्मानं पत्रक घडी करून छकुलीच्या खोकल्याच्या बाटलीखाली ठेवलं. घरात कधी न हरवणारी जागा तेवढीच.

ते वाक्य गावोगाव गेलं. समोरच्या उमेदवारानं पुढच्या सभेत सांगितलं की आम्ही सारा तर घालवूच, वर दंडही घालवू. पारावर बसणारे म्हातारे गेणबा म्हणायचे, "दोघं मिळून इतका कर माफ करायलेत, निवडून आल्यावर पगार कशातनं घेत्यात?"

गोकुळराव निवडून आले. सरकारही त्यांच्याच पक्षाचं आलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. युवराजचा कंपनीतला अर्ज मंजूर झाला, एक एप्रिलला हजर व्हायचं होतं. रेश्मानं त्याची जुनी बॅग काढून उन्हात टाकली. छकुली त्या बॅगेत जाऊन बसली आणि उठेना.

मार्चमध्ये अधिवेशन सुरू झालं. महसुलाचं विधेयक येणार म्हणून रोपवाटिकावाल्यांच्या ग्रुपवर खळबळ उडाली. त्यात बिनशेतीचे दर वाढवलेले होते आणि रोपवाटिकांना सूट नव्हती. विधेयकावर विरोधी बाकांवरच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक बाई आमदार बोलणार होत्या. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'त्या निवडणुकीतला डोळ्याचा कागद कुणाकडं आहे का? मॅडमना हवाय.'

रेश्मानं बाटली उचलली.

"थांब," युवराज म्हणाला. "आपल्याच आमदाराचा कागद त्यांच्या विरोधकाला द्यायचा? उद्या दारात उभं करणार न्हायत."

"आजतरी कुठं केलंय? त्यांनी शब्द दिलाय अहो. मी काय खोटं पाठवत न्हाय. छापलंय त्यांनीच."

"रेश्मा, गाव ल्हान हाय."

बॅगेतनं छकुलीनं बापाची चप्पल बाहेर फेकली. रेश्मानं पत्रकाचा फोटो काढला. बोट बटणावर होतं. एकदा गप्प राहून बघितलं होतं. तिनं पाठवला.

दोन दिवसांनी दुपारी चर्चा लागली. रेश्मानं मोबाइल रिकाम्या ट्रेच्या कपात उभा खोचला. भोवती बायका, कुशाबाई, सिंधूआत्या, दारात युवराज. मशीन चालू होतं, आवाज मोठा केला होता.

गोकुळराव बोलायला उठले. कुशाबाईंनी पदर सावरला, जणू ते त्यांना बघत होते.

"अध्यक्ष महोदय, शेतकऱ्यांच्या भावना मी समजू शकतो. परंतु राज्याच्या तिजोरीचाही विचार करावा लागेल. रोपवाटिकांबाबत शासनानं एक अभ्यासगट नेमावा, अशी मी विनंती करतो."

"काय नेमावं?" आत्यांनी विचारलं.

"अभ्यासगट. म्हणजे समिती," रेश्मा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"म्हंजी फिरला ह्यो," कुशाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्या बाई उठल्या. त्यांच्या हातात मोबाइलवरनं छापून घेतलेला कागद होता, एका कडेला खोकल्याच्या बाटलीचा गोल डाग. रेश्मानं डाग ओळखला.

"अध्यक्ष महोदय, माननीय सदस्यांनी अभ्यास निवडणुकीतच पूर्ण केलेला आहे. मी त्यांचाच कागद वाचते. 'डोळा मिटलेला तोवर शेती, उघडला की धंदा व्हय? हा सारा रद्द करणारच.' रद्द करणारच, महोदय. अभ्यास करणार, असं छापलेलं नाही."

सभागृहात हशा झाला. बाकं वाजली. गोकुळराव अर्धे उठले, बसले, परत उठले. कुणी ओरडलं, "माऊलीला काय सांगणार?" महसूलमंत्र्यांनी चष्मा काढून पुसला.

"सभेत उभं राहिलं की आपण सगळेच सढळ हातानं कर माफ करतो," मंत्री म्हणाले. "आणि इथं आलं की तिजोरीकडं बघतो. सन्माननीय सदस्यांनी ठरवावं, ते कुठलं वाक्य इथं मांडतायत."

शेडमध्ये सिंधूआत्यांनी दांडा वर धरून ठेवला होता. खाली ओढत नव्हत्या.

गोकुळरावांनी घाम पुसला. "अध्यक्ष महोदय, कागद माझाच आहे. शब्दही माझाच. अभ्यासगटाची विनंती मी मागे घेतो. माझं म्हणणं तेच, उसाचा डोळा ट्रेमध्ये उघडला काय आणि जमिनीत उघडला काय, ती शेतीच." मग त्यांना सूर सापडला आणि ते चांगलं दहा मिनिटं बोलले. पोटातल्या लेकराचंही सांगितलं. समोरच्या बाकांनी दंडाची आठवण करून दिली, कारण तो घालवायचा शब्द त्यांच्या उमेदवारानं दिला होता. आता कुणालाच मागं सरता येईना. शेवटी मंत्री उठले. कसत्या जमिनीवरच्या रोपवाटिकांना साऱ्यातनं वगळण्याची दुरुस्ती शासन उद्या आणील, म्हणाले, आणि दिलेल्या नोटिसा थांबवल्या जातील.

दांडा खाली आला. खट्.

कुशाबाईंनी मोबाइलला हात जोडले. रेश्मानं दाराकडं बघितलं. युवराज तिथं नव्हता. तो उन्हातली बॅग झटकून माळ्यावर टाकत होता आणि छकुली त्याच्या पायाला मिठी मारून लोंबकळत होती.

एप्रिलमध्ये गोकुळराव शाल आणि नारळ घेऊन आले. कागद कुणी पाठवला ते त्यांना माहीत होतं की नाही, कळलं नाही. रेश्माकडं बघून ते म्हणाले, "ताई, तुमच्या शेडनं मला निवडूनही आणलं आणि घामही फोडला." एवढंच. तिनं चहा दिला. मनापासून दिला. फिरलेला माणूस परत वळला होता, तेवढ्यावर तिचं समाधान होतं.

त्यांनी कुशाबाईंच्या खांद्यावर शाल घातली. कुशाबाईंनी ती तिथंच काढली.

"साहेब, तोंड माझं हुतं. बोल हिचा." आणि मशीनपाशी जाऊन त्यांनी सिंधूआत्यांच्या खांद्यावर ती पांघरली, भुशावरच.

फोटोवाला तोच होता. तो कुशाबाईंना खुणेनं मधे बोलवायला लागला.

"आता तू बाजूला व्हय," कुशाबाई म्हणाल्या. "न्हायतर नीट काढ."

त्यानं नीट काढला. गोकुळराव वाकून आत्यांच्या पाया पडले. आत्यांना ते कोण वाकलंय ते नीट दिसलं नाही. "कोन? रामहरी का?" असं त्यांनी विचारलं, आणि रेश्माला आता थांबता येईना.

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना रोपांच्या पिकअपमधनं बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पिकलेला. आत्या वाटेत तीनदा म्हणाल्या, परत चल. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात त्यांनी रेश्माचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाकली.

"तुमीच सांगितलं की आत्या, डोळा वर," रेश्मा म्हणाली. "तेवढंच करायचं. डोळा वर."

पट्टी सोडली तेव्हा छकुली समोर उभी होती. आत्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"आगं बया! ह्या पोरीच्या गालाव तीळ हाय व्हय?"

तीन वर्षं ती पोर त्यांच्या मांडीवर खेळली होती. रेश्मा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

फ्लेक्स आता बदललाय. 'छकुली ऊस रोपवाटिका', एवढंच. खाली आत्यांचं वाक्य आणि नाव घालावं, असं रेश्माच्या मनात होतं. आत्या घाबरल्या. "माझं नाव पाटीवर नगं बाई. सरकारला दिसतंय." ह्या खेपेला रेश्मानं ऐकलं. पाटीवर नाव घातलं नाही. गोष्टीत घालू नको, असं काही आत्या म्हणाल्या नव्हत्या.

हंगाम संपला आणि त्या कोऱ्हाळ्याला आपल्या घरी गेल्या. थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत. डॉक्टरांनी दीड महिना वाकायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही असं सांगितलंय. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हेत. फोन नुसता वाजतो. रामहरी म्हणतो, ती तशीच हाय, उचलत न्हाय. रेश्मा दोनदा निघाली. एकदा छकुलीला ताप आला, एकदा गाडी भरायची होती. मनाला मात्र रुखरुख आहे.

म्हणून त्या बाजूचं गिऱ्हाईक आलं की ती ट्रे मोजून देताना एवढं सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे:

"कोऱ्हाळे बुद्रुकला कधी गेलात तर सिंधूआत्यांचं घर विचारा. कुणीबी दाखवील. दारातनं हाक मारा, लगेच ओ देतील, कान तिखट हायत. चष्मा डोळ्यावर हाय का बघा. चूल पेटवलेली असली तर तुमीच विझवा, त्यांचं ऐकू नका. आणि बाटलीतले थेंब टाकायचे राहिले असतील तर टाका. मान मागं करायला सांगायची. डोळा वर. त्यांना कळतंय."